तंतुकणिकेतला रायबोसोम ७० एस की ५५ एस? आणि फक्त १३ प्रथिनांसाठी एवढी यंत्रणा का?

वर्गातले_प्रश्न

नमस्कार. मी जीवशास्त्र शिकवते. पेशीचा भाग शिकवताना तंतुकणिकांना (मायटोकॉन्ड्रिया) स्वतःचा डीएनए असतो, ७० एस रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) असतात आणि काही प्रथिनं त्या स्वतः बनवतात, एवढं सांगून पुढे जायची पद्धत आहे. या वेळी एका मुलीने कुठेतरी वाचून आणलं की माणसात हा रायबोसोम ५५ एस असतो. दुसऱ्याने विचारलं की तंतुकणिकेत हजारच्या वर प्रथिनं असतात आणि त्यातली १३च आत बनतात, तर मग त्या १३ साठी वेगळा कारखाना कशाला? बाकीची बाहेरून येतात तशी हीही आली असती.

दोन्ही प्रश्न मला फार आवडले, आणि त्यांना वरवरचं उत्तर द्यायची इच्छा नाही. आत नेमकं काय होतं हे कोणी जरा सविस्तर सांगेल का? संज्ञा वापरल्या तरी चालतील.

उत्तरपत्रिका

परीक्षेत विचारलं तर ७० एस लिहायला सांगा. तपासणाऱ्याकडे तेच असतं. ५५ एस हे सस्तन प्राण्यांपुरतं आहे, इतक्या खोलात पदवीपर्यंत कोणी जात नाही.

जेलवरच्या_पट्ट्या

परीक्षेचं ठीक आहे, पण त्या मुलीला खरं उत्तर मिळायला हवं. मी बरीच वर्षं रुग्णांच्या त्वचेपासून वाढवलेल्या पेशींमध्ये तंतुकणिका प्रथिनं बनवतात की नाही हेच तपासण्याचं काम केलं आहे, त्यामुळे या विषयावर मी थोडक्यात लिहू शकत नाही. वेळ काढून वाचा.

७० एस हा आकडा बॅक्टेरियाच्या रायबोसोमचा. तंतुकणिकांचा पूर्वज बॅक्टेरिया, म्हणून तो त्यांनाही लावला जातो. त्याला आधारही आहे: क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक दिलं की बॅक्टेरियातलं आणि तंतुकणिकेतलं प्रथिननिर्माण थांबतं, पेशीद्रव्यातल्या ८० एस रायबोसोमचं चालू राहतं. सायक्लोहेक्झिमाइड दिलं की बरोबर उलट. नातं त्यामुळे पक्कं आहे. पण प्रत्यक्ष मोजलं तर सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकेतला रायबोसोम ५५ एस भरतो. त्याचा लहान भाग २८ एस, मोठा ३९ एस. (२८ आणि ३९ ची बेरीज ५५ होत नाही हे मुलं लगेच दाखवतील. एस हे सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने खाली जातो त्याचं माप आहे, त्यांची बेरीज करायची नसते.) यीस्टमध्ये हाच रायबोसोम ७४ एसच्या आसपास असतो. म्हणजे सगळ्या सजीवांच्या तंतुकणिकांसाठी एकच आकडा नाही.

आता ५५ म्हणजे ७० पेक्षा हलका, असं कोणी समजू नये. वजनाला तो बॅक्टेरियाच्या रायबोसोमपेक्षा कमी नाही, उलट किंचित जास्तच आहे. फरक आहे तो घडणीत. ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या रायबोसोममध्ये आरएनए सुमारे दोन तृतीयांश आणि प्रथिनं एक तृतीयांश. आपल्या तंतुकणिकेत हे प्रमाण जवळजवळ उलटं झालं आहे. ई. कोलायचे दोन मोठे आरआरएनए (रायबोसोममधले आरएनए) १,५४२ आणि २,९०४ न्यूक्लिओटाइडचे, तर आपले ९५४ आणि १,५५९ चे. आरएनए झिजत गेला आणि प्रथिनांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. बॅक्टेरियातला ५ एस हा छोटा आरआरएनए तर इथे नाहीच. २०१४ च्या सुमारास क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या रायबोसोमची बारीक रचना दिसली, तेव्हा त्या ५ एसच्या जागी चक्क एक टीआरएनए बसलेला सापडला. माणसात तो व्हॅलिनचा, डुकरात फिनाइलअलानिनचा. अमिनो आम्ल वाहून आणणारा रेणू रायबोसोमच्या बांधकामातच वापरलेला! मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्यावरून नजर हटली नव्हती.

आणि मुलांना सर्वात आधी सांगायची गोष्ट ही: ती ऐंशीच्या आसपास प्रथिनं सगळीच्या सगळी केंद्रकातल्या जनुकांवरून, पेशीद्रव्यात बनतात आणि आत आणली जातात. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए रायबोसोमसाठी फक्त आरएनए पुरवतो. तेव्हा 'तंतुकणिका स्वतः प्रथिनं बनवते' यातला 'स्वतः' मला कायम खटकत आला आहे. आत बनणाऱ्या प्रत्येक प्रथिनामागे दोन जीनोमचं काम असतं.

आता क्रमाने.

माणसाचा तंतुकणिकेतला डीएनए १६,५६९ बेस जोड्यांचा, वर्तुळाकार. केंब्रिजमध्ये त्याचा संपूर्ण क्रम वाचला गेला तो १९८१ साली. त्यावर ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएंची, २ आरआरएनएंची. जनुकांमध्ये मोकळी जागा जवळजवळ नाही. बहुतेक ठिकाणी दोन प्रथिनांच्या किंवा आरआरएनएंच्या जनुकांमध्ये एखादा टीआरएनए बसलेला. प्रतिलेखन होताना, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवला जाताना, लांबच लांब आरएनए निघतो आणि मग त्यातले टीआरएनए दोन्ही टोकांना कापून वेगळे केले जातात. ते निघाले की मधले एमआरएनए, म्हणजे प्रथिनाचा संदेश वाहणारे आरएनए, आपोआप सुटे होतात. तिकिटांच्या पट्टीवर छिद्रांच्या रेघा असाव्यात तसे हे टीआरएनए. सगळीकडे मात्र अशी रेघ नाही: एटीपी८ आणि एटीपी६ ही दोन जनुकं तर ४६ न्यूक्लिओटाइडपुरती एकमेकांवरच चढलेली आहेत आणि त्यांचा एमआरएनएही एकच राहतो.

सुट्या झालेल्या या एमआरएनएला पुढे टोपी, म्हणजे सुरुवातीच्या टोकावरचा रासायनिक गट, नसते. पेशीद्रव्यातला रायबोसोम टोपीपाशी चढतो आणि सुरुवातीचा कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत) शोधत सरकतो. बॅक्टेरियात सुरुवातीच्या कोडॉनच्या अलीकडे रायबोसोमने ओळखायचा एक छोटा क्रम असतो. इथे दोन्ही नाही. संदेश बहुधा पहिल्याच अक्षरापासून, किंवा दोनतीन अक्षरं सोडून, सुरू होतो. सुरुवात करून देणारे घटक दोन, आयएफ२ आणि आयएफ३. बॅक्टेरियातला आयएफ१ इथे नाही, त्याचं काम आयएफ२ मधलाच एक जादा भाग उरकतो. पहिलं अमिनो आम्ल फॉर्मिल मेथिओनिन, हे बॅक्टेरियासारखंच. पण मेथिओनिनचा टीआरएनए एकच आहे. त्यावर फॉर्मिल गट लागला तर तो सुरुवातीला वापरला जातो, नाही लागला तर साखळीच्या मध्ये.

साखळी वाढण्याचा भाग भरभर सांगते, कारण तो तुम्ही शिकवता तसाच आहे: टीआरएनए येतो, बंध जुळतो, रायबोसोम एक कोडॉन पुढे सरकतो.

वेगळेपण पुन्हा दिसतं ते साखळी बाहेर येते तिथे. ही १३ही प्रथिनं आतल्या पटलात रुतून बसणारी आहेत, पाण्याचा तिटकारा असलेली. ती आतल्या द्रवात मोकळी सुटली तर गुठळी होऊन वाया जातील. म्हणून रायबोसोम आतल्या पटलाला चिकटूनच काम करतो, त्याचं बाहेर पडण्याचं तोंड पटलाकडे असतं, आणि ऑक्सा१एल नावाचं प्रथिन निघत्या साखळीला तिथल्या तिथे पटलात सरकवतं. मग बाहेरून आलेले भाग तिला येऊन मिळतात आणि श्वसनसाखळीचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेचं, एकेक संकुल (प्रथिनांचा गट) उभं राहतं. पहिल्या संकुलातली ७ प्रथिनं इथली, तिसऱ्यातलं १, चौथ्यातली ३, आणि एटीपी बनवणाऱ्या पाचव्यातली २. दुसऱ्या संकुलात इथलं एकही नाही. हे शून्य मुलांना लक्षात ठेवायला सांगा.

वर्गातले_प्रश्न

ताई, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. दोन गोष्टी विचारते. यातल्या काही जनुकांच्या शेवटी थांबण्याचा कोडॉनच नाही असं वाचलं, ते कसं काय? आणि ही १३ जनुकं केंद्रकात का गेली नाहीत, हा मुलाचा मूळ प्रश्न अजून राहिलाच आहे.

क्रमवाचक

थांबण्याच्या कोडॉनचं ताई सांगतीलच, मी त्याला लागून असलेली गोष्ट सांगतो, कारण माझा रोजचा संबंध तिच्याशी येतो. मुलांकडे संगणक असेल तर माणसाच्या कॉक्स१ जनुकाचा क्रम घ्यायला सांगा आणि भाषांतर करणाऱ्या कुठल्याही साधनात नेहमीचा कोडॉन तक्ता लावून टाकायला सांगा. साखळी मध्येच ठिकठिकाणी तुटलेली दिसेल. मग तक्ता क्रमांक २, म्हणजे पृष्ठवंशीय तंतुकणिकांचा, निवडायला सांगा. अखंड प्रथिन येईल.

कारण यूजीए हा नेहमी थांबण्याचा कोडॉन, पण इथे त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन. एयूए नेहमी आयसोल्युसिन, इथे मेथिओनिन. आणि एजीए, एजीजी हे आर्जिनिनचे कोडॉन इथे आर्जिनिनसाठी वापरलेच जात नाहीत. कॉक्स१ च्या शेवटी एजीए आणि एनडी६ च्या शेवटी एजीजी थांबण्याचं काम करतात. जनुकीय संकेत सर्व सजीवांत एकच, हे वाक्य १९७९ मध्येच मोडलं, ते याच तंतुकणिकांमुळे.

वनस्पतींच्या तंतुकणिका मात्र नेहमीचाच तक्ता वापरतात. त्यामुळे 'तंतुकणिकांचा संकेत वेगळा' असं सरसकट शिकवू नये.

जेलवरच्या_पट्ट्या

क्रमवाचक यांनी सांगितलेला प्रयोग जरूर करून घ्या. वाचून कळणं आणि आपल्या डोळ्यांदेखत साखळी जोडली जाणं यात फरक आहे.

थांबण्याचा कोडॉन. एनडी४ घ्या. हे जनुक १२,१३७ व्या स्थानावर संपतं आणि १२,१३८ पासून लगेच हिस्टिडिनचा टीआरएनए सुरू होतो. एनडी४ चं शेवटचं अक्षर फक्त टी आहे. थांबण्यासाठी टीएए हवं, इथे आहे नुसता टी. डीएनए पाहून कोणीही म्हणेल की इथे काहीतरी गहाळ आहे. आता आरएनएकडे या. हिस्टिडिनचा टीआरएनए कापून निघाला की एनडी४ चा संदेश यू या अक्षरावर संपतो (आरएनएमध्ये टी च्या जागी यू असतो). मग त्याला शेपटी जोडली जाते, आणि शेपटी असते ती एएएए अशी. यू ला दोन ए मिळाले, यूएए झालं. थांबण्याचा कोडॉन तयार! डीएनएवर कधीच नसलेला कोडॉन संदेशाची मांडणी पुरी होताना बनतो. १३ पैकी ७ जनुकांचं असंच आहे, कुठे टी वर, कुठे टीए वर संपलेलं. या डीएनएने जागा वाचवण्यासाठी दोन अक्षरंसुद्धा सोडली नाहीत. मुलांना एवढी एकच गोष्ट फळ्यावर काढून दाखवलीत तरी मला आनंद होईल.

आता ही जनुकं केंद्रकात का गेली नाहीत. बहुतेक गेलीच आहेत, हे आधी ध्यानात घ्या. पूर्वज बॅक्टेरियाकडे हजारोंच्या हिशेबात जनुकं असणार, त्यातली १३ प्रथिनांची आपल्याकडे उरली. मलेरियाच्या परजीवीत तर तीनच उरली आहेत: कॉक्स१, कॉक्स३ आणि सायटोक्रोम बी. त्या तीनसाठीसुद्धा त्याने आतला रायबोसोम टिकवला आहे, तोही आरआरएनएचे तुकडे तुकडे झालेल्या अवस्थेत, आणि टीआरएनए सगळे बाहेरून आणून. एवढा आटापिटा करून जे ठेवलंय ते सोडण्यासारखं नसणार, असं मला वाटतं.

एक कारण मी वर लिहिलं ते, पटलात रुतण्याचं. पेशीद्रव्यात बनलेलं प्रथिन तंतुकणिकेत जाताना उलगडलेल्या साखळीच्या रूपात दोन पटलांच्या दारांमधून ओढून घेतलं जातं. कॉक्स१ सारख्या, पटल बारा वेळा ओलांडणाऱ्या साखळीला या वाटेने न अडकता आणणं फार अवघड. त्यातून अशी साखळी पेशीद्रव्यातच अंतर्द्रव्यजालिकेकडे वळवली जाण्याचा धोका असतो. दुसरं कारण क्रमवाचक यांच्या उत्तरातच आहे. यूजीएचा अर्थ एकदा बदलला की ते जनुक जसंच्या तसं केंद्रकात जाऊन उपयोग नाही, तिथला रायबोसोम पहिल्याच यूजीएपाशी थांबेल. तिसरा विचार असा मांडला गेला आहे की श्वसनसाखळीच्या गाभ्यातली जनुकं जागेवरच असली तर त्या त्या तंतुकणिकेला आपल्या गरजेप्रमाणे उत्पादन कमी-जास्त करता येतं. मला पहिल्या कारणाचं वजन जास्त वाटतं. एनडी४एल किंवा एटीपी८ सारखी छोटी प्रथिनं मात्र त्याने नीट समजावता येत नाहीत, तिथे संकेत बदलल्याचं कारण अधिक पटतं.

आणि हे कधीच घडत नाही असंही नाही. चवळीच्या झाडात कॉक्स२ हे जनुक केंद्रकात गेलेलं आहे आणि तिथून नीट चालतं. माणसानेही हा मार्ग वापरून पाहिला आहे. लेबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक दृष्टिनाशात एनडी४ मधला ११,७७८ व्या स्थानचा बदल सर्वात जास्त आढळतो. त्यावरच्या जनुकोपचारात एनडी४ चे कोडॉन केंद्रकाच्या तक्त्याप्रमाणे पुन्हा लिहिले, पुढे तंतुकणिकेत नेणारा पत्ता जोडला आणि विषाणूमार्फत डोळ्यातल्या पेशींना दिलं. चाचण्यांमध्ये काही रुग्णांची नजर सुधारली.

रात्रपाळी

डॉक्टर म्हणून एक भर घालतो, कारण यामुळे मुलांना हा भाग कोरडा वाटणार नाही. बॅक्टेरियाच्या रायबोसोमवर चालणारी औषधं या नात्यामुळेच आपल्याही तंतुकणिकांना त्रास देऊ शकतात. लिनेझोलिड काही दिवस दिलं तर सहसा काही होत नाही. पण प्रतिरोधी क्षयरोगात ते महिनोन्‌महिने द्यावं लागतं, तेव्हा रक्तपेशी कमी होणं, हातापायाला मुंग्या, दृष्टी मंदावणं, रक्तात लॅक्टेट वाढणं यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. आत नवीन प्रथिनं बनत नाहीत, जुनी झिजतात, श्वसनसाखळी अपुरी पडते.

दुसरं उदाहरण कानाचं. तंतुकणिकेतल्या लहान आरआरएनएमध्ये १,५५५ व्या स्थानी ए च्या जागी जी असलेली माणसं असतात. त्या एका अक्षराने तो भाग बॅक्टेरियाच्या आरआरएनएसारखा दिसू लागतो. अशा व्यक्तीला जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन गटातलं औषध दिलं तर नेहमीच्या मात्रेतही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हा बदल आईकडून येतो. म्हणून या गटातलं औषध सुरू करण्याआधी आईकडच्या नात्यात इंजेक्शननंतर कोणाला ऐकू येईनासं झालं होतं का, हे मी विचारतो. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

वर्गातले_प्रश्न

डॉक्टर, हे मी नक्की सांगणार. ताई, तुम्ही दुसऱ्या संकुलातलं शून्य लक्षात ठेवा म्हणालात, ते का? आणि पेशीतली इतकी हजारो प्रथिनं सोडून ही १३च कशी बघता येतात?

जेलवरच्या_पट्ट्या

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कामात आहे.

रुग्णाच्या पेशी बशीत वाढवायच्या. एमेटिन घालायचं, त्याने पेशीद्रव्यातले रायबोसोम थांबतात, तंतुकणिकेतले थांबत नाहीत. मग किरणोत्सारी गंधक असलेलं मेथिओनिन घालून तासभर ठेवायचं. त्या तासात जे प्रथिन बनेल त्यातच ते शिरतं, आणि बनतंय ते फक्त आतल्या रायबोसोमवर. पेशी विरघळवून जेलवर चालवायच्या, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी होतात, मग जेल वाळवून फिल्मवर ठेवायची. फिल्म धुतली की एका रांगेत पट्ट्या दिसतात: सर्वात वर एनडी५, खाली कॉक्स१, मध्ये एकमेकींना खेटलेल्या काही, आणि तळाशी एटीपी८ ची बारीकशी रेघ. पेशीतल्या हजारो प्रथिनांपैकी फिल्मवर काहीच उमटत नाही, ही एवढीच उमटतात. शेजारच्या रांगेत निरोगी पेशींच्या पट्ट्या असतात, तुलनेसाठी.

सगळ्या पट्ट्या सारख्याच फिकट असल्या तर दोष सगळ्यांना लागणाऱ्या यंत्रणेत: एखादा टीआरएनए, रायबोसोमचं एखादं प्रथिन, साखळी वाढवणारा एखादा घटक. एखादीच पट्टी फिकट असली तर शोध त्या एका संदेशापाशी सुरू करायचा. ल्युसिनच्या टीआरएनएमधला ३,२४३ व्या स्थानचा बदल, लायसिनच्या टीआरएनएमधला ८,३४४ चा, हे नेहमीचे. पण यंत्रणेची बहुतेक जनुकं केंद्रकात असल्याने, फक्त तंतुकणिकेचा डीएनए वाचून 'काही सापडलं नाही' म्हणून थांबणं चुकीचं आहे. दोष आईकडून आलेलाच असेल असं नाही, आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत आलेली असू शकते. पुढच्या अपत्याबद्दल आईवडिलांना काय सांगायचं हे त्यावर ठरतं, म्हणून मी यावर हटून बसायची.

आणि ते शून्य. स्नायूच्या नमुन्यात पाचही संकुलांचं मापन करतात. पहिलं, तिसरं, चौथं, पाचवं कमी आणि दुसरं एकदम ठणठणीत, असा आकडा आला की आतल्या प्रथिननिर्माणाकडे बोट जातं, कारण दुसऱ्याला आतलं एकही प्रथिन लागत नाही. सगळीच पाच कमी असतील तर कारण दुसरीकडे शोधायचं, कदाचित नमुनाच नीट गोठवला गेला नसेल. अहवाल हातात आला की मी पहिल्यांदा दुसऱ्या संकुलाचा आकडा बघायची आणि मग बाकीचे.